हातात १ लाख ६० हजार, सामानाला ५७ हजार: विश्रामबागमधल्या भाड्याच्या घराचा हिशोब

सांगलीत विश्रामबागला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. भाडं ९,५००, मेंटेनन्स ६००, डिपॉझिट ५०,०००. राहायला येणारं कुटुंब जत तालुक्यातलं: नवरा कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटी विभागात, बायको विश्रामबागमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, चार वर्षांची मुलगी, आणि मुलीला सांभाळायला सोबत येणाऱ्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. या एका गोष्टीने पुढे खाटेच्या उंचीपासून बरंच काही ठरलं. दोघांचा मिळून पगार ४६,०००. साठवलेले पैसे १,६०,०००. आकडे या एका घराचे आहेत, ते त्याच नजरेने वाचावेत.

दोघांनी घर बघायच्या आधीच एका रविवारी दुकानं फिरून यादी केली होती. सोफा २२,०००. हायड्रॉलिक बॉक्सचा पलंग २४,०००. गादी १४,०००. चार दारी वॉर्डरोब १८,०००. चार खुर्च्यांचं डायनिंग १३,०००. फ्रीज १९,०००. वॉशिंग मशीन १६,५००. टीव्ही १७,००० आणि त्याचं युनिट ७,५००. पडदे ६,०००. ओट्याखालच्या ट्रॉल्या १२,०००. आरओ ११,०००. बेरीज १,८०,०००. "वीस हजारच कमी पडतात, तेवढं हप्त्यावर करू," असं ठरलं होतं.

चूक वीस हजारांची नव्हती. १,६०,००० हा सामानाचा आकडाच नव्हता.

आधी काय वजा होतं

भाड्याच्या घरात शिरताना जे पैसे जातात त्यातले काही परत येतात, काही कधीच येत नाहीत, पण पहिल्या महिन्यात दोन्ही हातातून गेलेलेच असतात. या घराचं असं झालं:

डिपॉझिट ५०,०००
पहिलं भाडं ९,५००
एजंटचं एक महिन्याचं कमिशन ९,५००
करारनामा, नोंदणी, घरी येऊन अंगठे घेण्याचा खर्च २,५००
जतहून टेम्पो आणि हमाली ६,५००
हात न लावायचे पैसे २५,०००

एकूण १,०३,०००. उरले ५७,०००. सामानाचं बजेट ते हे.

करारनाम्याचा खर्च पुष्कळांना फुगवून सांगितला जातो, म्हणून त्याची फोड माहीत हवी. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे भाड्याच्या घराच्या या कराराला, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर लागतं. इथे भाडं १,०४,५००, डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज सुमारे ४,५८३, म्हणजे शुल्क पावणेतीनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकीचे सगळे पैसे काम करून देणाऱ्याचे. ते कमी-जास्त करता येतात, सरकारी भाग नाही. आणि नोंदणी टाळायची नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

शेवटच्या २५,००० बद्दल घरात वाद झाला. ते साधारण महिन्याच्या घरखर्चाएवढे आहेत. नव्या गावात पहिल्या दोन महिन्यांत आजारपण, शाळेची फी, पगाराला झालेला उशीर यांपैकी एखादी गोष्ट होतेच. हे पैसे सोफ्यात बसवले की ती गोष्ट क्रेडिट कार्डावर जाते. वजाबाकीत ही ओळ शेवटी लिहिली असली तरी आधी तीच बाजूला काढावी.

हप्त्याचा विचार इथेच संपला. जुन्या यादीप्रमाणे गेलं असतं तर ५७,००० वजा जाता १,२३,००० हप्त्यांवर गेले असते. १८ महिन्यांच्या हिशोबाने दरमहा ६,८३३. आणि महिन्याचं गणित काय? पगार ४६,०००, त्यातून भाडं-मेंटेनन्स १०,१००, घरखर्च २२,०००, दुचाकीचा हप्ता ३,२००. शिल्लक १०,७००. त्यातले ६,८३३ दीड वर्ष बांधले गेले असते. शिवाय 'शून्य टक्के' हप्त्यात व्याज नसतं असं नाही. ते प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या रोख सवलतीत असतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना या शून्य टक्के योजनांबद्दल बजावलं होतं. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: हीच वस्तू आज रोख घेतली तर कितीला? दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज.

स्वस्त तळमजला का सोडला

नदीच्या अंगाला गावभागाकडे एक तळमजला ७,००० भाड्याने मिळत होता. अकरा महिन्यांत २७,५०० वाचले असते, म्हणजे फ्रीज आणि खाटांचे पैसे. तरी तो नाकारला, आणि ते बरोबर होतं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी धरतात. २००५ आणि २०२१ लाही शहरात पाणी आलंच होतं. पार्टिकल बोर्डचं कपाट एक दिवस पाण्यात उभं राहिलं की तळापासून फुगतं आणि स्क्रू सुटतात. ते वाळवून पूर्ववत होत नाही. फ्रीज दोघांना जिन्याने वर नेता येत नाही, आणि पुराच्या रात्री हमाल मिळत नाहीत. ज्यांना तळमजलाच परवडतो त्यांनी आधी शेजारी विचारावं की २०१९ ला आणि २०२१ ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं, आणि घरात लोखंड, स्टील, प्लॅस्टिक एवढंच ठेवावं. लाकडी बोर्डाची एकही वस्तू नको.

टेप घेऊन

घर ठरल्यावर, पण एक रुपयाही खर्च करायच्या आधी, दोघं टेप आणि वही घेऊन रिकाम्या घरात दीड तास होते. हॉल १० बाय १३ फूट, बेडरूम १० बाय १०, स्वयंपाकघर ७ बाय ८. मुख्य दार ३ फुटी, बेडरूमचं अडीच फुटी. जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजली, आणि ती बहुतेक जण विसरतात. लांब सोफा दारातून जातो पण वळणावर अडकतो.

बेडरूमने जुन्या यादीतल्या दोन वस्तू लगेच खोडल्या. खोली १२० इंच. पलंग डोक्याकडच्या फळीसकट ८४ इंच. समोर २४ इंच खोलीचा वॉर्डरोब. मध्ये उरतात १२ इंच. तेवढ्यात वॉर्डरोबचं दारच उघडत नाही. याउलट जतच्या घरात पडून असलेलं स्टीलचं कपाट ३६ इंच रुंद, १९ इंच खोल, साडेसहा फूट उंच होतं. सव्वासहा फुटी म्हणजे ७५ इंची खाट ठेवल्यावर पायथ्याशी ४५ इंच उरतात, त्यातले १९ कपाटाचे. राहिले २६. कपाटाचं एकेक दार १८ इंचांचं, म्हणजे पूर्ण उघडून वर ८ इंच शिल्लक. बाजूने आडवं धरलं तर अडीच फुटी दारातून १९ इंचांचं कपाट आरामात जातं. ते आणायचं ठरलं आणि १८,००० वाचले.

त्याच भेटीत बाथरूमचा पॉइंट पाहिला गेला. गीझर मालकांचाच होता, १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, पण सॉकेट ६ अँपिअरचं. २,००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की पावणेनऊ अँपिअरच्या जवळ येतात. ६ अँपिअरच्या सॉकेटवर असा गीझर लावला की आधी प्लग तापतो, मग काळा पडतो, मग वितळतो. इथे मुख्य बोर्डापासून वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) लागणार होतं. गॅस गीझर बसवू का, असंही मालकांनी विचारलं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर नकोच. जळताना होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि त्याने माणसं गेली आहेत.

मालकांना दोघं 'काका' म्हणत होती, बोलणं गोडीचं होतं, तरी सगळं कागदावर घेतलं ते चांगलं केलं. करारासोबतच्या यादीत पंखे तीन, ट्यूब चार, गीझर एक, नळ किती आणि त्यातला कोणता गळतो, ओट्याच्या कडाप्प्याला कुठे तडा आहे, महावितरणच्या मीटरचं त्या दिवसाचं रीडिंग, भिंतीत खिळा-ड्रिल किती ठिकाणी चालेल, हे सगळं आलं. वायरिंगचा खर्च भाडेकरूने आधी करायचा आणि पावती दाखवून दुसऱ्या महिन्याच्या भाड्यातून वळता करायचा, हे वाक्यही आलं. सोबत तारीख दिसेल असे फोटो. सोडून जाताना डिपॉझिटमधून रंगाचे आणि दुरुस्तीचे पैसे कापायचे की नाहीत, हे भांडण याच यादीवर सुटतं.

खाटा: या घराचा सगळ्यात मोठा निर्णय

सोफा आणि पलंग मिळून ४६,०००. त्यांच्या जागी तीन लोखंडी कॉट बनवून घेतल्या, प्रत्येकी ३ बाय सव्वासहा फूट. दोन बेडरूममध्ये जोडून, म्हणजे ६ फूट रुंद अंथरूण. नवरा-बायको आणि मुलगी तिथे. तिसरी हॉलमध्ये भिंतीला, रात्री सासूबाईंची आणि दिवसा लोड-तक्के टाकून दिवाण. पाहुणा आला तर बेडरूमची एक कॉट सुटी करून हॉलमध्ये येते.

बॉक्सच्या पलंगाचं दुखणं लोकांना दुसऱ्या घरात कळतं. त्याचे जोड पार्टिकल बोर्डात बसवलेले असतात. एकदा खोलून परत बसवलं की स्क्रूचं भोक सैल होतं आणि पलंग करकरायला लागतो. एकदाच बसवून दहा वर्षं तिथेच राहणाऱ्याला तो चालतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने घेऊ नये.

फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतो, म्हणून वजन आपल्याला काढता यायला हवं. चौकट आणि पाय दीड इंची चौकोनी पाइपचे, १६ गेज (गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ). एक फूट पाइप सुमारे ५६० ग्रॅम. चौकटीला साडेअठरा फूट, १४ इंची चार पायांना पावणेपाच फूट. दोन्ही मिळून १३ किलो. आडवे आधार १ इंची पाइपचे, पाच, प्रत्येकी ३ फूट. फुटाला ३६० ग्रॅम धरून साडेपाच किलोच्या आत. एकूण साडेअठरा किलो. प्रायमर आणि ऑइल पेंटसकट १४० रुपये किलोने २,६०० च्या आत. वर १२ मिलिमीटर प्लायचं ८ बाय ४ चं एक शीट १,५००. एक कॉट ४,१००, तीन १२,३००. फॅब्रिकेटरने एका कॉटचं वजन आधी २६ किलो सांगितलं होतं. हा हिशोब समोर ठेवल्यावर काट्यावर करून द्यायला तो तयार झाला. २० गेजचा पाइप स्वस्त पडतो पण वेल्डिंगला भोकं पडतात आणि दोन वर्षांत मध्ये झोळ येतो. गेज बिलावर लिहून घ्यावा.

पाय वेल्ड न करता ८ मिलिमीटरच्या बोल्टने बसवायला सांगितले. त्यामुळे कॉट सपाट होऊन टेम्पोत उभी राहते. पाइपची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करून घ्यायची, नाहीतर ढेकणांना तयार घर मिळतं. पायांना रबरी बूट, नाहीतर मालकांच्या फरशीवर गंजाचे गोल उमटतात आणि ते डिपॉझिटमधून कापले जातात. उंचीचा हिशोब सासूबाईंच्या गुडघ्यावरून: पाय १४ इंच, प्लाय अर्धा, गादी साडेचार, एकूण १९ इंच. बाजारातल्या बुटक्या पलंगावरून त्यांना हाताला धरून उठवावं लागलं असतं.

एका शीटमधून कॉटचा तुकडा कापला की १ फूट रुंद आणि ८ फूट लांब पट्टी उरते. तीन शीटच्या तीन पट्ट्या सुताराकडे टाकून न येता घरी आणल्या. दोनांत चपलांचं रॅक झालं, तिसरी स्वयंपाकघरात फळी.

दोन चुका झाल्या. रंग पूर्ण वाळायच्या आत कॉट उचलल्या, त्यामुळे प्लाय चौकटीला चिकटलं आणि घरात आठवडाभर पेंटचा वास राहिला. ऑइल पेंटला मे महिन्याच्या उन्हातही दोन दिवस द्यायला हवेत. आणि प्लायच्या कडा घासल्याच नव्हत्या. पहिल्याच रात्री गादीच्या खोळीला फाट गेली. पंधरा रुपयांचा सँडपेपर आणि अर्धा तास एवढंच काम होतं.

गाद्या बेडरूमसाठी ७५ बाय ३६ च्या दोन, रिबॉन्डेड फोमच्या, ९,०००. सासूबाईंना फोम नको होता. जतची कापसाची गादी पिंजून नवी खोळ घातली, १,१००. जुनी गादी मात्र कुणाकडूनही विकत घेऊ नये, कितीही स्वच्छ दिसली तरी.

महिन्याच्या हिशोबात ही तुलना अशी. सोफा २२,००० ला घेऊन दोन वर्षांनी ५,००० ला विकला तर २४ महिन्यांत १७,००० गेले, महिन्याला ७०८. दिवाणाची कॉट ४,१००, विकताना काहीच आलं नाही असं धरलं तरी महिन्याला १७१. भाड्याच्या घरात कुठल्याही वस्तूपुढे हा भागाकार करून बघावा: घेतलेली किंमत वजा विकताना येणारी, अधिक हलवण्याचा खर्च, भागिले राहण्याचे महिने. लाकडी वॉर्डरोब या भागाकारात फार वाईट निघतो, स्टीलचं कपाट सगळ्यात चांगलं.

फ्रीज, पाणी, गॅस

फ्रीज नवाच घेतला, १९० लिटरच्या आसपासचा एकदारी, १५,८०० आणि स्टँड ४५०. जुन्या फ्रीजमध्ये वाचणारे सहा-सात हजार कॉम्प्रेसर गेला की एका झटक्यात जातात. जुना घ्यायचीच वेळ आली तर तीन तास चालू ठेवून बर्फ धरतो का ते बघावं, आणि दारात कागद अडकवून ओढावा. सहज निघाला तर रबर गेलेलं आहे. लेबलवर तारे मोजण्यापेक्षा वर्षाला किती युनिट लिहिलेत ते वाचावं आणि लेबल कोणत्या वर्षाचं आहे ते पाहावं, कारण ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात. पहिल्या दुकानातला भाव १४,००० होता, पण 'प्लस जीएसटी'. १८ टक्के धरून तो १६,५२० झाला. त्यामुळे दुसऱ्या दुकानातला सगळं धरून सांगितलेला १५,८०० स्वस्त निघाला.

टेम्पोवाल्याने फ्रीज आडवा टाकून आणला. असा आणलेला फ्रीज लगेच चालू करायचा नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते खाली यायला चार-पाच तास तरी उभा ठेवावा. सासूबाईंनी दूध ठेवायची घाई केली नाही म्हणून निभावलं.

आरओचे ११,००० कसे वाचले ते सांगायला हवं, कारण हा खर्च लोक भीतीपोटी करतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, इथे तर लॅबमधलाच होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. इमारतीत महापालिकेच्या पाण्याची आणि बोअरची अशा दोन लाइन. नळाचा आकडा ५०० च्या बराच खाली, बोअरचा वर. स्वयंपाकघरात महापालिकेची लाइन येत होती. मग आरओ कशाला? तो बरंच पाणी वाया घालवतो आणि दरवर्षी फिल्टरचा खर्च मागतो. २,४०० चा वीज न लागणारा गाळणी फिल्टर घेतला, पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की उकळायचं. बाथरूममध्ये बोअरचं पाणी असल्याने गीझरमध्ये क्षार साठणार. वर्षातून एकदा तो उघडून साफ करणं कुणाच्या खर्चाने, हेही यादीत लिहून घेतलं.

गॅसचं जतचं कनेक्शन होतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथल्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर आणलं. सिलिंडर टेम्पोत घालून आणायचा मोह टाळावा. शेगडी घरचीच, रबरी नळी मात्र नवी.

किरकोळ म्हणता म्हणता

बादल्या, मग, पिंप, केरसुणी, पोछा, डस्टबिन, कपड्यांची दोरी, पायपुसणी, दोन कुलुपं, बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, गॅसची नळी, खिडक्यांना वेल्क्रोची मच्छरजाळी, आंघोळीचा स्टूल, सासूबाईंसाठी संडासात धरायचा दांडा, हुक, खिळे. पहिल्या यादीत यातलं काहीच नव्हतं. खर्च ६,८५०. नव्या घराचं बजेट बहुतेक वेळा इथेच फाटतं, कारण शंभर-दोनशेच्या खरेदीला कुणी वहीत लिहीत नाही. यासाठी सामानाच्या पैशांतला आठवा भाग आधीच वेगळा ठेवावा.

पडद्यांत एक चूक झाली. ४ बाय ४ च्या तीन खिडक्या, प्रत्येकीला ५ फुटी दांडी. कापड इचलकरंजीहून मीटरवर आणून शिवून घेतलं, सगळे मिळून ३,०००. माप चौकटीवरून घेतलं, दांडी मात्र चौकटीच्या वर चार इंचांवर बसली. पडदे खाली चार इंच आखूड झाले. आधी दांडी बसवायची, मग दांडीपासून माप घ्यायचं. खाली दुसऱ्या रंगाची पट्टी लावून घेतली, ती बरीही दिसते.

भांड्यांची मांडणी ड्रिलिंगसकट १,६००. जेवायला एक घडीचं टेबल ९०० ला मिळालं. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांच्या परिसरातली मुलं मे-जूनमध्ये खोल्या सोडतात, तेव्हा टेबल, पुस्तकांचे रॅक, कूलर अशा वस्तू निम्म्याहून कमी भावात निघतात. लाकूड असेल तर खालची बाजू उलटी करून वाळवीची माती बघावी. खुर्च्या दोन जतच्या, दोन नव्या प्लॅस्टिकच्या १,५०० ला.

बेरीज: कॉट १२,३००, गाद्या ९,००० आणि १,१००, फ्रीज व स्टँड १६,२५०, टेबल-खुर्च्या २,४००, पडदे ३,०००, फिल्टर २,४००, मांडणी १,६००, किरकोळ ६,८५०. एकूण ५४,९००. उरले २,१००. बाथरूमच्या वायरिंगला २,२०० लागले, म्हणजे शंभर रुपये वर गेले. ते जूनच्या भाड्यातून वळते झाले. २५,००० ना हात लागला नाही.

पुढचे महिने

शिल्लक १०,७०० मधून दरमहा ५,००० सामानासाठी वेगळ्या खात्यात. जून-जुलैचे दहा हजार झाल्यावर जुलैअखेर सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन ९,८०० ला आलं. पावसात कपडे वाळत नव्हते, गरज खरी होती. फुली ऑटोमॅटिक का नाही? या घरात दाबाची अडचण नव्हती. टाकी गच्चीवर, मध्ये एक मजला, नळापर्यंत वीस-एकवीस फूट उंची म्हणजे ०.६ बार (बार हे दाबाचं माप). पण दहा मीटर उंचीला एक बार या हिशोबाने सगळ्यात वरच्या मजल्यावर ०.३ बारच्या आसपासच मिळतो आणि तिथे अशी मशिनं पाणी भरायला फार वेळ घेतात. पुढचं घर कुठल्या मजल्यावर मिळेल ते कुणाला ठाऊक? सेमीला बादलीनेही पाणी घालता येतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या पंधरा हजारांत दिवाळीला ३२ इंची टीव्ही, १४,५०० ला. त्याचं युनिट घेतलं नाही, जतची लोखंडी ट्रंक सोलापुरी चादर टाकून खाली ठेवली. सोफा, डायनिंग, ट्रॉल्या या तीन गोष्टी अकरा महिन्यांत एकदाही आठवल्या नाहीत असं नाही. ट्रॉल्यांची गरज सुनेला रोज वाटते, ओट्याखाली वाकून डबे काढावे लागतात. पण भिंतीत आणि ओट्यात बसवलेली वस्तू मालकांची होते, म्हणून ती मालकांनीच करावी, एवढ्यावर विषय थांबला आहे. तोवर कडाप्प्याच्या खणात चाकांचे दोन प्लॅस्टिक ट्रे ठेवलेत.

३१ मार्चला करार संपला. भाडं १०,००० झालं, डिपॉझिट तेच राहिलं. जुनी यादी घेऊन काका घरभर फिरले, फोटो ताडून पाहिले, खिळ्यांची भोकं मोजली. नव्या करारासोबतच्या यादीत एकच ओळ वाढली: बाथरूममधला १६ अँपिअरचा पॉइंट, भाडेकरूने बसवला, खर्च मालकांनी दिला.